एकेचाळिसावं नाव

सोमवारी दुपारी 'रणवाट' खेळाच्या फोरमवर चोरांची यादी लागली आणि तिच्यात एकेचाळिसाव्या क्रमांकावर रंजीता नरोटेचं नाव होतं. खेळातलं नाव, रानकोंबडी. शेजारी जिल्हा लिहिला होता, गडचिरोली, आणि त्यापुढे लाल अक्षरांत: 'नेटवर्क चोरी. खातं कायमचं बंद.'

रंजीता तेव्हा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात जन्ममृत्यूच्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवत होती. तेवीस वर्षांची ही मुलगी धानोऱ्याला बीए करून गावी, कोसमटोल्याला परत आली आणि पंचायतीत ऑपरेटर म्हणून लागली. गावातला कुठलाही अर्ज तिच्याच हातचा. हातपंपाचा, रस्त्याचा, टॉवरचा. अर्ज दिला की पोच घ्यायची, पोच दिली नाही तर खुर्चीवरून उठायचं नाही, अशी तिची रीत होती.

फोनकडे बघत तिनं हातातली नोंद अर्धीच सोडली, तसे शिपाई चैतूभाऊ पाण्याचा गडवा ठेवून थांबले.

"का झालं वो?"

"मले चोर म्हणलं."

"कोण म्हणलं?"

"ज्यानं मले कधी पाह्यलं बी नाई, त्यानं."

चैतूभाऊंना खेळातलं काही कळत नव्हतं. ते म्हणाले, "मंग सांग ना त्याले, का मी नाई म्हणून."

"सांगतेच," रंजीता म्हणाली.

रणवाट हा पाच-पाच जणांच्या दोन टोळ्यांचा खेळ. समोरच्याच्या किल्ल्यात शिरायचं, झेंडा काढायचा आणि जिवंत परत यायचं. रंजीता टेहळणीला असायची, सगळ्यांच्या पुढे. तिच्या टोळीची कॅप्टन होती चामोर्शीची शाजिया. वडील वहाबभाईंच्या गादीघराच्या मागच्या खोलीतून ती खेळायची, आणि खेळात तिनं नावही 'गादीवाली' असंच घेतलं होतं. तिचा स्वतःचा चॅनेल होता, चार-पाच हजार लोक बघायचे. तीन वर्षं दोघी जवळपास रोज एकत्र खेळल्या होत्या. एकमेकींचा आवाज झोपेतही ओळखला असता, पण भेट कधी झाली नव्हती.

कोसमटोल्यात घरात बसून फोन लागत नाही. गावामागच्या पहाडीवर बेहड्याच्या झाडाखाली एक सपाट दगड आहे, तिथं रेंज येते. माहेरी फोन करायचा असला की बायाही तिथंच येतात. संध्याकाळी पंचायत सुटली की रंजीता त्या दगडावर बसून खेळायची. पण तिथली रेंजही मनमानी. चांगली चालता चालता दोन-तीन सेकंद गायब. त्या वेळात खेळातली रानकोंबडी पुतळ्यासारखी उभी राहायची आणि समोरचे येऊन तिला मारून जायचे. कधी वाचलीच तर रेंज परतल्यावर ती एकदम दहा पावलं पुढे दिसायची. असे किती डाव हातचे गेले, ते तिनं मोजणं सोडून दिलं होतं.

आता झालं असं की काही खेळाडू मुद्दाम क्षणभर नेट तोडायचे आणि तेवढ्यात जागा बदलायचे. त्यांना पकडायला कंपनीनं 'पहारा' नावाची नवी व्यवस्था आणली. नेट तुटलं आणि माणूस पुढे सरकलेला दिसला की चोर. कोणी तोडलं, की आपोआप तुटलं, हे त्या पहाऱ्याला विचारता येत नव्हतं. आणि पकडलेल्यांची नावं दर सोमवारी जाहीर व्हायची.

रंजीतानं कंपनीला अर्ज लिहिला. विषय, घटना, तारीख, वेळ, मागणी. उत्तर एका मिनिटात आलं: 'तुमची तक्रार काळजीपूर्वक तपासली. निर्णय कायम आहे.'

"एका मिनिटात तपासली," ती चैतूभाऊंना म्हणाली. "एका मिनिटात तर आपला हा डब्बा चालू बी होत नाई."

मग तिनं फोरमवर लिहिलं, मराठीत. अर्ध्या तासात ते काढून टाकलं गेलं. कारण दिलं होतं की इथं फक्त हिंदी किंवा इंग्रजी चालेल. तिनं पुन्हा नवा धागा उघडून लिहिलं, हिंदीत, आणि वर एक ओळ घातली: 'हे मी माझ्या भाषेत लिहिलं होतं. ते काढलं. भाषा बदलली आहे, मुद्दा तोच आहे.'

खाली उत्तरं येऊ लागली. 'पकडलेला प्रत्येक चोर हेच सांगतो.' 'गडचिरोलीत मोबाइल चालतो?' 'आधी नेट घे, मग खेळ.' 'रानकोंबडीचा रस्सा करा.' त्या शेवटच्या उत्तराला तीनशे जणांनी हसरे चेहरे दिले होते. रंजीतानं सगळी वाचली. कान तापले, डोळे भरून आले, पण तिनं एकही पुसलं नाही. प्रत्येक उत्तराचा फोटो काढून ठेवला.

संध्याकाळी शाजियाचा फोन आला. नेहमीसारखी हसली नाही.

"रंजी, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"तू नेट तोडत तर नव्हती ना कधी?"

पहाडीवर वारा होता. रंजीताला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"तीन वर्षं मी तुह्यापुढं चालून राह्यली, शाजिया. पहिली गोळी मी खाल्ली. अन् तू मले हे विचारून राह्यली?"

"यार, मी कॅप्टन आहे. लोक मले विचारून राह्यले. मी का सांगू त्याईले?"

"सांग का इथी या अन् पाहा."

तिनं फोन कापला. त्यानंतर चार दिवस दोघी बोलल्या नाहीत.

घरी तिची माय सोमारी मोहफुलं वाळत घालत होती. मोहाचा हंगाम होता. सोमारी पहाटेच टोपली घेऊन निघायची आणि ऊन चढायच्या आत परतायची. खेळ म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं, पण चोर म्हणजे काय ते ठाऊक होतं. चैतूभाऊंनी तिच्या कानावर घातलंच होतं.

"तू घेतलं का कोणाचं काई?"

"नाई, माय."

"माह्या झाडाले लागून सुकलूचं झाड आहे. त्याच्या झाडाचं फूल माह्या अंगणात येऊन पडलं तरी मी उचलत नाई. हे तुले माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मंग तोंड पाडून काऊन बसली?"

रंजीता दुसऱ्या दिवसापासून तोंड पाडून बसली नाही. तिनं आपल्या त्याच धाग्याखाली लिहिलं: 'ज्यांच्या गावात रेंज येते-जाते आणि ज्यांना चोर ठरवलं, त्यांनी इथं लिहा. तारीख, वेळ, कुठं बसला होता, रेंज किती होती.' पहिला दिवस कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी भामरागडची एक नर्स आली, करिश्मा. मग माजरीचा पवन आला. तो खाणीत डंपर चालवायचा आणि त्याच्या क्वार्टरमध्ये एकाच खिडकीत रेंज होती. तो खिडकीत उभा राहूनच खेळायचा. मग हिमालयातल्या चौकीवरचा एक जवान, चहाच्या मळ्यातली एक बाई, कुठल्याशा बेटावरचा मास्तर. तीन दिवसांत तिचं स्वतःचं धरून एकशे सदतीस नावं झाली. पंचायतीचं सर्वेक्षण करावं तसं रंजीतानं त्यांचं रकाने पाडून टिपण केलं आणि फोरमवर टाकलं. ज्यांची माहिती अर्धवट, त्यांना परत विचारलं. दोघांनी खरोखरच नेट तोडल्याचं कबूल केलं, त्यांची नावं तिनं काढून टाकली आणि का काढली तेही लिहिलं. उरले एकशे पस्तीस.

आता हसणारे कमी झाले. धागा सगळ्यात वर आला.

शुक्रवारी पंचायतीत असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज गोड आणि मराठी पुण्याकडची.

"रंजीताताई, मी प्रिया बोलतेय, रणवाटच्या टीमकडून. तुमचं प्रकरण आम्ही पुन्हा पाहिलं. तुमचं खातं आजच सुरू होईल. यादीतून नावही काढू. फक्त एक विनंती आहे, तो धागा तुम्ही स्वतःहून काढून टाका."

रंजीताचं मन क्षणभर हललं. खोटं कशाला सांगायचं, तिला खेळायचं होतं. चार दिवस संध्याकाळी त्या दगडावर नुसतं बसून ती कंटाळली होती.

"बाकीच्यायचं?" तिनं विचारलं.

"त्यांची प्रकरणं वेगळी आहेत."

"तुमी पाह्यली?"

"सिस्टिम पाहते."

"मंग माह्यं कोणं पाह्यलं?"

प्रिया थोडी अडखळली. "तुमचा धागा खूप लोक वाचतायत, ताई, म्हणून..."

"म्हणजे मी खरी आहे म्हणून नाई. मी बोलून राह्यली म्हणून."

रंजीतानं वही पुढ्यात ओढली.

"हे जे बोलल्या ना, ते लेखी द्या."

"ताई, हे अनौपचारिक आहे."

"मंग माह्यं बी ऐकून घ्या. एकशे चौतीस लोकायनं मले आपलं नाव देलं आहे. त्याईले मांग टाकून मी एकटी खेळाले जाणार नाई. धागा निघणार नाई."

तिनं फोन ठेवला. चैतूभाऊंनी न विचारता चहा आणून दिला. तो पिऊन तिनं झालेलं सगळं बोलणं शब्दाला शब्द फोरमवर लिहिलं. तासाभरात फोरमचं दारही तिला बंद झालं. कारण: 'खाजगी संभाषण उघड केलं.' धाग्याला कुलूप लागलं.

चामोर्शीत शाजियानं ते कुलूप लागण्याआधीच वाचलं होतं. 'मी एकटी खेळाले जाणार नाई' या ओळीवर ती थांबली. आपण हिला काय विचारलं होतं, ते तिला आठवलं आणि लाज वाटली. रणवाटच्या स्पर्धेची नागपूरची अंतिम फेरी आठ दिवसांवर होती. रंजीताच्या जागी दुसरी मुलगी घेतली होती. पोस्टरवर गादीवालीचा फोटो होता.

दुकानात वहाबभाई गादीला टाके घालत होते. ती समोर जाऊन बसली.

"अब्बा, मी उद्या रंजीताच्या गावाले जाते. तिच्या पहाडीवर बसून माह्या खात्यानं खेळते."

वहाबभाईंना दुकानात बसून पोरीचं सगळं कानावर पडत होतं. ते म्हणाले, "तुला पण चोर ठरवलं तर?"

"तर त्याईची चूक उघडी पडते."

"आणि नागपूर?"

शाजिया खाली पडलेला कापूस गोळा करू लागली. वहाबभाईंनी टाका पुरा केला, दोरा दातानं तोडला.

"जा. पण मग घरी येऊन रडू नको."

"थोडी रडीन," शाजिया म्हणाली.

"थोडी चालेल."

त्या संध्याकाळी तिनं आपल्या खोलीतून दहा डाव खेळले आणि सगळे रेकॉर्ड केले. पहाऱ्यानं एकदाही हरकत घेतली नाही. शनिवारी सकाळी तोच फोन, तेच सिमकार्ड घेऊन ती गडचिरोलीच्या बसमध्ये बसली, तिथून धानोऱ्याला. आदल्या संध्याकाळी तिनं 'येते' एवढाच निरोप पाठवला होता; रंजीता स्कूटी घेऊन स्टँडवर उभी होती. दोघींनी एकमेकींना आवाजावरूनच ओळखलं.

"तू एवढीशी?" शाजिया म्हणाली. "खेळात तर भिंतीवरून उड्या मारते."

"अन् तू एवढी उंच? अशी कशी लपते?"

हसू आलं आणि विरलं. स्कूटीवर मागे बसल्यावर शाजिया म्हणाली, "मी तुले तसं विचाराले नाई पाहिजे होतं."

"विचारलं त्याचं काई नाई," रस्त्यावरची नजर न काढता रंजीता म्हणाली. "मी सांगण्याच्या आधीच तुले माहीत असाले पाहिजे होतं, त्याचं वाईट वाटलं."

 शाजियानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. रंजीतानं तो झटकला नाही.

पहाडीवर पोचल्या तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. तिथून थेट प्रक्षेपण करणं शक्यच नव्हतं, तेवढी रेंज असती तर भांडणच नसतं. म्हणून शाजियाच्या फोनवर पडद्याचं रेकॉर्डिंग लावलं, आणि रंजीता आपल्या फोननं शाजियाचे दोन्ही हात आणि रेंजच्या काड्या टिपत बसली. आणखी कुठं बोट लागत नाही, हे दिसावं म्हणून.

पहिल्या डावात गादीवाली तीनदा मेली. दुसऱ्यात चारदा. शाजियानं फोन दगडावर आपटायचा बाकी ठेवला.

"अरे, हे का आहे? मी दाबून राह्यली अन् हा हलूनच नाई राह्यला!"

"दोन सेकंद थांब. येईल रेंज."

"दोन सेकंदांत तर मले गाडून टाकतील." मग ती थांबली आणि रंजीताकडे बघू लागली. "तू तीन वर्षं इथून खेळून राह्यली? अन् आपण जिंकत होतो?"

"कधी कधी."

"तुह्या घरी माह्याइतकी रेंज असती ना, तर कॅप्टन तू असती."

चौथा डाव निम्म्यावर होता. रेंज गेली, आली, गादीवाली एकदम किल्ल्याच्या आत दिसली आणि पडदा लाल झाला. 'नेटवर्क चोरी. खातं कायमचं बंद.'

शाजिया आधी मोठ्यानं हसली. मग फोन मांडीवर ठेवून तिनं ओढणीनं तोंड पुसलं. सहा वर्षांचं खातं होतं. नागपूर गेलं, हे तिला तिथंच कळलं.

दोघी घरी उतरल्या तेव्हा सोमारी अंगणात होती. "जोहार," ती पाहुणीला म्हणाली आणि तिचा चेहरा बघून तिनं विचारलं, "का झालं?"

"मी बी चोर झाली, माय," शाजिया म्हणाली.

सोमारीनं दोघींकडे नीट बघून घेतलं. "मंग हात धुवा, जेवाले बसा. दोघी चोर."

रविवारी गडचिरोलीच्या बसस्टँडवर बसून त्यांनी दोन्ही रेकॉर्डिंग शेजारी शेजारी जोडली आणि शाजियाच्या चॅनेलवर टाकली. नाव दिलं, 'तोच फोन, तेच हात.' शेवटी शाजिया मराठीतच बोलली: "मी गादीवाली. मागच्या आठवड्यात मी माह्याच मैत्रिणीवर संशय घेतला. तुमच्यापैकी लय जणांनी घेतला. आता मले चोर म्हणा, नाईतर ही व्यवस्था बंद करा. दोन्ही खरं होऊ शकत नाई."

सोमवारची यादी यंत्रच बनवत होतं, त्यामुळे ती दुपारी ठरल्याप्रमाणे लागली. बाराव्या क्रमांकावर गादीवाली. शेजारी जिल्हा, गडचिरोली. तोवर तो व्हिडिओ साठ हजार लोकांनी बघितला होता. रस्सा करा म्हणणाऱ्यानं आपलं उत्तर पुसलं, पण रंजीताकडे फोटो होता. ज्या खेळाडूंनी तिच्यावर तोंडसुख घेतलं होतं, त्यांतलेच काही आता कंपनीच्या प्रत्येक घोषणेखाली दोनच शब्द लिहीत होते: 'लेखी द्या.' नव्या पोशाखांची जाहिरात, सणाच्या शुभेच्छा, काहीही असो, खाली हजारो वेळा, 'लेखी द्या.' मोठमोठे चॅनेलवाले बोलू लागले. दोघा-तिघांनी खेळ थांबवला.

गुरुवारी पहारा बंद झाला. नऊ हजारांवर खाती परत सुरू झाली. कंपनीचं निवेदन चार ओळींचं होतं, त्यात 'काही भागांतील तांत्रिक परिस्थिती' असा शब्दप्रयोग होता, माफी कुठंच नव्हती. जुन्या याद्या गुपचूप काढून टाकल्या होत्या.

शाजियाचं खातं आलं, पण नागपूरची नावं बुधवारीच पक्की झाली होती. तिनं अंतिम फेरी दुकानात बसून वहाबभाईंच्या फोनवर पाहिली. प्रत्येक चालीला नावं ठेवली आणि शेवटी ठरल्याप्रमाणे थोडी रडली. वहाबभाईंनी गिऱ्हाइकाला थोडं थांबायला सांगितलं.

प्रियाची एक मेल रंजीताला आली, कंपनीच्या पत्त्यावरून नव्हे. 'तुम्ही विचारलंत ते मी आधी आत विचारायला हवं होतं. आता विचारलंय.' रंजीतानं उत्तर लिहिलं, 'ठीक केलं. माफीचं बी विचारा. एकशे पस्तीस लोक वाट पाहून राह्यले.'

माफी यायला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत रंजीतानं अकरा अर्ज केले आणि प्रत्येकाचा क्रमांक मागून घेतला. आली तेव्हा ती इंग्रजीत होती, म्हणून तिनं बारावा अर्ज केला. मराठीतली माफी आठवडाभरानं आली. तिच्यात दोन ठिकाणी शुद्धलेखन चुकलं होतं. तिनं ते तसंच राहू दिलं.

आता कंपनीनं रेंज गेलेल्या खेळाडूसाठी नवी सोय केली आहे. नेट तुटलं की त्याच्याभोवती एक ढाल येते आणि पाच सेकंद त्याला कोणी मारू शकत नाही. पहिल्याच संध्याकाळी पहाडीवर ती वापरून पाहिल्यावर रंजीतानं खेळ बाजूला ठेवला आणि लिहायला घेतलं.

कानात शाजियाचा आवाज आला. "रंजी, कुठी गेली? डाव चालू आहे!"

"अवो, ढाल येते, पण माणूस पाच सेकंद हलत बी नाई. रेंज दोन सेकंदात आली तरी उभाच. तवर बाकीचे झेंडा घेऊन जातात. चूक आहे हे."

"आता काऊन भांडतेस? एवढं तर देलं त्याईनं."

"देलं म्हणून का झालं? बरोबर नाई ना देलं."

शाजियानं हसत दोन शिव्या दिल्या आणि टोळीला सांगितलं की रानकोंबडी अर्ज लिहीत आहे, तवर दरवाजा धरून ठेवा.